तेवढी हवा चालते म्हणे!

ह्यांचा डाव्या हाताचा, डायलिसिससाठी केलेला फिश्चुला बंद पडला तो एका सिस्टरच्या हट्टापायी, हे मी आता कुणाची भीड न ठेवता सांगते. ताप म्हणून ॲडमिट केलं होतं, साध्या वॉर्डात. रात्रभर त्याच हाताला बीपीचा पट्टा. "ह्या हाताला नाही घ्यायचं," म्हटलं तर उत्तर आलं, "दुसऱ्या हाताला सलाइन आहे. मग काय पायाला बांधू?" हो, बांधा ना! पायालाही घेता येतं बीपी. पण पेशंटच्या बायकोचं ऐकतो कोण? पहाटे हात लावून पाहिला, तर एरवी बोटांना लागणारी थरथर गायब. डॉक्टर दुपारच्या राउंडला आले, सर्जन सोमवारी. तोवर गुठळी पक्की बसलेली.

म्हणून मानेत कॅथेटर आलं आणि पुढचं रामायण घडलं.

डायलिसिसचे चार तास नीट गेले. शेवटी मशीनमधलं रक्त परत द्यायचं असतं, ते सलाइनने. मागून सलाइन येतं, रक्त पुढे सरकतं, नळी फिकट होत जाते. टेक्निशियनला पुढचा पेशंट लावायची घाई. त्याने नळीचं टोक उघडं सोडलं आणि हवेनेच रक्त ढकलायला लागला. खरं तर हवा आली की मशीन बोंबलतं, पंप थांबतो, नळीवरची क्लॅम्प आपोआप मिटते. ती कटकट नको म्हणून पठ्ठ्याने नळी डिटेक्टरमधून बाहेरच काढलेली! व्हीनस चेंबरमध्ये रक्त पार तळाला गेलं होतं, वर गुलाबी फेस. आणि खालच्या नळीत थोडं रक्त, थोडी हवा, पुन्हा रक्त, असं ह्यांच्या मानेकडे निघालेलं.

"अहो, हवा जातेय!"

"काकू, तेवढी चालते."

मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही त्याने. तेवढ्यात ह्यांना खोकल्याची उबळ आली, ओठ निळे पडले, श्वास लागेना.

पलीकडच्या बेडपाशी असलेल्या जुन्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी नळी क्लॅम्प केली, पंप बंद केला, ह्यांना डाव्या कुशीवर वळवून डोकं खाली केलं, ऑक्सिजन लावला. डाव्या कुशीवर अशासाठी, की हवा हृदयाच्या उजव्या बाजूला अडून राहावी, फुप्फुसाकडे जाऊ नये. त्या बाईंमुळे हे आज घरी आहेत. टेक्निशियन मात्र मलाच म्हणतो, "तुम्ही ओरडलात म्हणून ते घाबरले."

तर बाबांनो, चेंबरच्या भिंतीला चिकटलेले बारीक बुडबुडे बघून हबकू नका. नळी डिटेक्टरमध्ये बसलीय ना आणि रक्त सलाइननेच परत जातंय ना, एवढं बघा. कॅथेटरचं टोपण उघडताना त्याची क्लॅम्प बंदच हवी, नाहीतर श्वासाबरोबर हवा आत ओढली जाते. मानेतलं कॅथेटर काढतानाही पेशंट आडवाच हवा, बसलेला नको. नंतर ती जागा दाबून धरून हवाबंद ड्रेसिंग.

फिश्चुला असेल तर सकाळ-संध्याकाळ थरथर तपासा. लागली नाही तर त्याच दिवशी सर्जन गाठा. पहिल्या एक-दोन दिवसांत गुठळी निघण्याची आशा असते. सोमवारची वाट बघायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्या हातात सुई नको, बीपी नको, घट्ट घड्याळ नको. डायलिसिस चालू असताना हात पांघरुणाखाली घेऊ देऊ नका; सुई निसटली तर रक्त आतल्या आत वाहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. बाकी पथ्यपाणी सांभाळा, धीर धरा, हे सगळेच सांगतात.

आणि डायलिसिस शीटची कॉपी त्याच दिवशी मागून घ्या. आम्ही आठवड्याने मागितली. त्या दिवसाच्या शीटवर लिहिलंय, 'काही त्रास नाही'. खाली त्याच टेक्निशियनची सही.