स्टॅटिन औषधांचे कार्य व गुग्गुळाचा प्रश्न

हिंगोली, वसमत, कळमनुरी भागांतून आमच्याकडे येणाऱ्या पन्नाशीपुढील अनेक रुग्णांच्या पिशवीत ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन असते. विचारले असता ते ‘रक्त पातळ करायची गोळी’ असे सांगतात. वास्तविक ते काम ॲस्पिरिन वर्गाचे होय.

स्टॅटिन रक्तातील मेद विरघळवीतही नाही. त्याचे कार्यस्थान यकृत. तेथील कोलेस्टेरॉल-निर्मितीची कळीची पायरी पार पाडणाऱ्या एचएमजी-कोए रिडक्टेज या विकरास ते अडविते. निर्मिती घटताच यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावरील एलडीएल-ग्राही वाढवितात व रक्तातील एलडीएल ओढून घेतात. कोलेस्टेरॉल-चयापचयाच्या या नियंत्रणाचा उलगडा करणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गोळी बंद होताच निर्मिती पूर्ववत होते आणि काही आठवड्यांतच एलडीएल पुन्हा चढते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ या प्रश्नास हेच उत्तर द्यावे.

येथे गुग्गुळाचा विषय निघतोच. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर संशोधन केले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ‘गुगुलिपिड’ विकसित केले. हा आपल्या शास्त्राचा अभिमानाचा भाग आहे. तथापि २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल घटण्याऐवजी चार-पाच टक्के वाढले, काहींना त्वचेवर पुरळही आले. तिच्या मर्यादांवर वाद घालता येईल. परंतु हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या वा अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाचे स्टॅटिन थांबवून त्याजागी गुग्गुळकल्प देणे आम्हांस मान्य नाही. (हळदीच्या या मुलुखात ‘हळद पुरेल का?’ असेही विचारतात. नाही पुरत.)

मांसशूल घेऊन आलेल्या रुग्णास वातव्याधी समजून योगराज गुग्गुळ लिहिण्यापूर्वी स्टॅटिनची चौकशी अवश्य करावी. दोन्ही मांड्यांत वा खांद्यांत दुखणे, अशक्तता असल्यास रक्तातील सीपीके तपासावे व मूळ चिकित्सकाशी बोलावे. मूत्र काळपट-तांबूस झाल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे, कारण स्नायू विघटित होऊन वृक्क निकामी होण्याचा धोका असतो. औषधविक्रेत्यांनी सिम्वास्टॅटिन किंवा ॲटोर्वास्टॅटिन चालू असणाऱ्यास क्लॅरिथ्रोमायसिन अथवा इट्राकोनॅझोल देण्याआधी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांस दूरध्वनी करावा. या औषधांमुळे रक्तातील स्टॅटिनचे प्रमाण बरेच वाढते.