दहावीचं वर्ष आणि रविवारची उपासना



जून लागला की संडे स्कूलमधली दहावीची मुलं दिसेनाशी होतात. कारण विचारावं लागत नाही, रविवारी सकाळीच क्लासची टेस्ट असते. ‘एका वर्षाचा तर प्रश्न आहे, देव समजून घेईल,’ असं तुम्ही आईबाप म्हणता. देव घेईलही समजून, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती मुलाची. कामाची गर्दी झाली की पहिली काट उपासनेला मारायची, हे तो आपल्या घरातून, कुणी न शिकवता शिकतो. मग अकरावी-बारावी येते, नीट येते, सीईटी येते, पुढे पुण्यातली नोकरी. मोकळं वर्ष काही येत नाही.

टेस्ट बुडवा असं मी म्हणत नाही. पण मंडळीत संध्याकाळची उपासना असेल, गल्लीत कुणाकडे आठवड्याची प्रार्थनासभा असेल, तर तिथे न्या. तो कंटाळेल, मांडीखाली मोबाईल धरून बसेल. बसू द्या. कंटाळत का होईना, आपण चार माणसांतले आहोत हे त्याला कळत राहतं.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला तुम्ही आम्ही लहानपणापासून ऐकतो. नाताळच्या आधी आगमनकाळात तो हमखास निघतो. पाच शहाण्या, पाच मूर्ख, आणि मग ‘जागे राहा’ असा उपदेश. पण नीट वाचलं तर वराला उशीर झाल्यावर दहाही जणी झोपल्या आहेत, शहाण्याही झोपल्या आहेत. येशूने झोपेबद्दल कुणाला बोल लावलेला नाही. फरक पडला तो तेलाने, आणि तेल भरलेलं होतं झोपायच्या आधी, घाई नसताना. थकलेल्या आईबापांना यात मोठा दिलासा आहे असं मला वाटतं. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसायला प्रभूने सांगितलेलं नाही. आपण दमतो, पेंगतो, कधी प्रार्थना करता करताच डोळा लागतो. चालतं.

जे चालत नाही तेही त्याच दाखल्यात आहे. मध्यरात्री मागितलं तरी एकीचं तेल दुसरीला मिळालं नाही. आईबापांना बोचावी अशी ही जागा आहे. फी आपण भरतो, कर्ज काढतो, ओळखीने काम करून देतो. पण मुलावर प्रसंग येईल त्या रात्री आपल्या भरवशातला थोडा काढून त्याच्या पदरात घालता येत नाही. बरं, बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, नाव मंडळीच्या पटावर चढलं, म्हणजे तेलाची सोय झाली असंही नाही.

टिळकांच्या घरातच बघा ना. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. ताटातूट झाली, लोकांचे बोल खावे लागले, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो 1900 साली. मधल्या वर्षांत त्यांना कुणी विश्वास उसना देऊ शकलं नाही, टिळकांसारखा माणूसही नाही. पण जे मिळालं ते त्यांचं स्वतःचं होतं. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईने. मुलगा चर्चला यायला कुरकुरतो, आडवेतिडवे प्रश्न विचारतो, म्हणून घाबरून जाणाऱ्या पालकांना मी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचायला सांगते. प्रश्न विचारणारं माणूस आपला रस्ता शोधत असतं. गप्प बसून मान डोलावणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते.

मग आपल्या हातात काय उरतं? मुलाने आपल्याला तेल भरताना पाहावं, एवढं उरतं.

रात्रीची कुटुंब प्रार्थना बहुतेक घरांत होती, आता पुष्कळ घरांत नाही. जिथे आहे तिथेही कधी कधी ती घाईत उरकली जाते. भांडी घासून होतात, आजीचा चष्मा सापडत नाही, धाकटा निम्मा झोपेत, आणि वडील सर्वसमर्थ, परमदयाळू, स्वर्गीय अशा विशेषणांनी सुरू करून जगातल्या सगळ्या राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. आणि ज्या गोष्टीवरून संध्याकाळी नवराबायकोत वाजलं, तो थकलेला हप्ता, तिचं नावही निघत नाही. मुलांना सगळं माहीत असतं. प्रार्थना हा खऱ्या आयुष्यापासून वेगळा कार्यक्रम आहे, असं ती धरून चालतात. त्यापेक्षा, ‘प्रभू, या महिन्याचा हप्ता कसा भरायचा कळत नाही, आणि मघाशी मी हिच्यावर उगाच ओरडलो,’ एवढंच म्हणा. दोन मिनिटांत आमेन. कमीपणा वाटेल. वाटू द्या.

मंडळीतल्या सहवासाचं मात्र आपण फार नुकसान करतो, आणि तेही घरी बसून. उपासना सुटली की रिक्षातच उपदेशाची चिरफाड सुरू होते. पाळकसाहेब लांबले, गाणाऱ्यांचा सूर लागला नाही, मंडळीच्या अमक्या वडिलांनी पेटीचा हिशेब दिला नाही. जेवताना ट्रस्टच्या जमिनीचा वाद, निवडणुकीतले गट, कोर्टाची तारीख. हे वाद खोटे नाहीत, काही तर लढलेच पाहिजेत. पण मंडळी म्हणजे भांडणाचं ठिकाण, असं दहा वर्षं जेवणाबरोबर ऐकलेला मुलगा विसाव्या वर्षी तिथे कशाला येईल? त्याच्यासमोर हेही बोला ना, की बाबा दवाखान्यात होते तेव्हा महिला मंडळातल्या बायका पाळीपाळीने डबा आणत होत्या, आणि त्यातल्या एकीशी आपलं बोलणंसुद्धा नव्हतं.

केडगावच्या मुक्ती मिशनमधलं 1905 सालचं संजीवन आपण अभिमानाने सांगतो. मुली रडल्या, पापं कबूल केली, दूरदूरहून माणसं बघायला आली. त्याआधी कित्येक महिने मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाई आणि तिथल्या मुली-बायका रोज एकत्र प्रार्थनेला बसत होत्या, ते सांगायचं राहून जातं. सांगण्यासारखं त्यात काही घडत नव्हतं, म्हणून असेल. पण तेल भरलं गेलं ते तेव्हाच. रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं भाषांतर केलं तेही तसंच, वर्षानुवर्षं, आश्रमाचा सगळा व्याप सांभाळून. 1922 मध्ये त्या गेल्या; ते बायबल छापून पुरं झालं 1924 मध्ये.

आता शेवटचं, कारण निकाल लागले की तुमची धावपळ सुरू होईल. मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली की आपण मेस बघतो, पीजीचं डिपॉझिट भरतो, गॅसवाल्याचा नंबरसुद्धा लिहून देतो. त्याच फेरीत तिथली जवळची मंडळी शोधा. इथल्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र घ्या आणि पहिल्या रविवारी स्वतः बरोबर जा. उपासना सुटल्यावर लगेच निघू नका, चहाला थांबा. एखाद्या घराशी ओळख करून घ्या. आपल्याकडच्या माणसाचं त्या शहरात कुणी ना कुणी निघतंच. तरुण संघाच्या दोघातिघांचे नंबर मुलाच्या मोबाईलमध्ये त्याच्याच हाताने घालू द्या. पुढच्या रविवारी तो गेला का, हे मात्र फोनवरून रोज विचारू नका. त्याऐवजी, आज तुझ्यासाठी देवाकडे काय मागू, असं अधूनमधून त्यालाच विचारा, आणि स्वतःबद्दल जे सांगायचं ते खरं सांगा.