रेशनकार्डात सुनेचं नाव चढलंय का?

गरोदरपणात मेंदूत रक्तस्राव क्वचितच होतो. पण झाला, तर न्यूरोसर्जरी, प्रसूती आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग अशा तिन्हीकडून बिल चढत जातं. कधी कारण वाढलेला रक्तदाब असतो, कधी रक्तवाहिनीला आलेला फुगा, कधी जन्मापासूनचं शिरांचं गुंतवळ. मोयामोया हा आजार तर अगदी दुर्मीळ. त्यात मेंदूच्या तळाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात आणि भोवती नाजूक शिरांचं जाळं वाढतं.

आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, फिट, धूसर नजर, एका हाताची ताकद जाणं, यांतलं काहीही दिसलं तर पित्त समजून घरी थांबू नका. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हेच लागू.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन आणि प्रसूती विभाग एकाच छताखाली असतील तिथेच न्या. जवळचं म्हणून भलतीकडे नेलं, तर वेळ जातो आणि पैसेही दोनदा मोजावे लागतात. अशी रुग्णालयं म्हणजे मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, संभाजीनगरला घाटी, गोव्यात बांबोळी.

डोक्याचा सीटी खाजगीत साधारण दोन ते चार हजारांत होतो. त्यात पोटातल्या बाळापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात, तेव्हा भीतीपोटी नकार देऊ नका. एमआरआयला सहा ते दहा हजार धरा. खरा पैसा जातो तो आयसीयूच्या दिवसांत आणि फुग्यात कॉइल बसवायची झाली तर त्यात. खाजगी रुग्णालयात हा आकडा सहज काही लाखांवर जातो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पांढऱ्या रेशनकार्डालाही. चौकशी १५५३८८ वर. तातडीच्या वेळी रुग्णालयातला योजनेचा आरोग्यमित्र फोनवरून मंजुरी घेतो, कागद मागून चालतात. कोणतं पॅकेज लागलं आणि त्याबाहेरचा खर्च कोणता, हे त्याच्याकडून लिहून घ्या.

योजनेसाठी रेशनकार्डात नाव लागतं, आणि घोळ होतो तो तिथेच. लग्नानंतर मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी होतं, सासरच्या कार्डात चढवायचं राहून जातं. आधारवर माहेरचं आडनाव, रुग्णालयाच्या फाइलवर सासरचं. एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. आयसीयूच्या दाराशी मात्र नवरा हातात कार्ड घेऊन उभा राहतो आणि त्यात बायकोचं नावच नसतं.

योजना लागू झाली नाही, तर धर्मादाय रुग्णालयाचा मार्ग आहे. तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत (३ लाख ६० हजारांपर्यंत) द्याव्या लागतात. तातडीच्या अशा रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

खाजगी विमा असेल तर प्रसूतीची कलमं आधी वाचा. बहुतेक पॉलिसींत बाळंतपणाचा खर्च वगळलेला असतो किंवा त्याला प्रतीक्षा कालावधी असतो. दावा बाळंतपणाचा खर्च म्हणून नाकारला जाऊ नये, यासाठी रक्तस्रावाचं निदान आणि कारण डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.

घरी आल्यावरही फिजिओथेरपी, औषधं, पुन्हा स्कॅन असतंच. पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल एका पिशवीत ठेवा.

घरात कुणी गरोदर असेल तर आजच रेशनकार्ड उघडून बघा. तिचं नाव नसेल तर माहेरून नाव कमी केल्याचा दाखला मागवा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात, अर्ज द्या. सातव्या महिन्याची वाट पाहू नका.