चॅटिंगचं सॉफ्टवेअर निवडताय? आधी सर्व्हर बघा!

आपल्यापैकी बरेच तेव्हा शाळेत होते, पण वसई-विरारकर जुलै २०१८ विसरलेले नाहीत. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, वसईत वीज गायब. अशा दिवशी मोबाईलचं नेट गेलं, तर वरच्या मजल्यावरच्या आजारी मित्राची खबर कशी कळणार?

ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच आपण धरून चालतो. खरा अर्थ, सोर्स कोड कोणालाही वाचता-बदलता येतो. टेलिग्रामच्या ॲपचा कोड खुला आहे, सर्व्हरचा नाही. सिग्नलच्या सर्व्हरचाही बहुतांश कोड खुला आणि एन्क्रिप्शन उत्तम. पण शेजारच्या खोलीतला निरोपही त्यांच्या सर्व्हरवरून फिरून येतो. नेट गेलं की सगळं गप्प.

होस्टेलसाठी एक्सएमपीपी बरं. जेरेमी मिलरने १९९९ मध्ये जॅबर नावाने आणलेला हा प्रोटोकॉल. गूगल टॉकही एके काळी यावर चालायचं. ते २०२२ मध्ये बंद झालं, एक्सएमपीपी चालूच आहे.

जुन्या पीसीवर लिनक्स आणि प्रोसोडी टाका. पीसी आणि वाय-फाय राउटर इन्व्हर्टरला जोडा (रेक्टर सरांना विचारून!). मोबाईलवर कॉन्व्हर्सेशन्स, कॉम्प्युटरवर गाजिम. आयपी हाताने भरावा लागतो, सर्टिफिकेटची थोडी कटकट होते, पण बाहेरचं नेट नसतानाही निरोप पोचतो. सर्व्हरवाल्याने तो वाचू नये म्हणून ओमेमो एन्क्रिप्शन चालू ठेवा.

आणि हो, सर्व्हर सांभाळणारा फायनल इयरनंतर गेला, की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. सेकंड इयरच्या दोघांना आधीच शिकवून ठेवा.