दाखवायला ठेवलेला चाकू

अंबरनाथ (पूर्व)

चि. ओंकार,


परवा तुझ्या आईचा फोन आला. तुझ्या सॅकमध्ये बटणाचा चाकू सापडल्याचं सांगताना तिला बोलवत नव्हतं. ‘लोकलमध्ये जागेवरून भांडलेली पोरं पुन्हा आडवी आली तर नुसता दाखवायला ठेवलाय,’ असं तू तिला म्हणालास. वर हेही सुनावलंस, की अमेरिकेत कॉलेजात पिस्तूलसुद्धा नेता येतं. समोर बसलो की तू ‘हो मामा’ म्हणून उठतोस, म्हणून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच.

आधी अमेरिकेचं. सगळ्या अमेरिकेत तसं नाही, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेक्सासमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी विद्यापीठांच्या आवारात परवानाधारकाला पिस्तूल लपवून बाळगता येतं. खासगी विद्यापीठांना नकार देण्याची मोकळीक ठेवली होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी नकारच दिला. ज्यांना निवड करता आली त्यांनी काय निवडलं, ते बघ. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, त्याच राज्यातल्या ऑस्टिन विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्याने माणसं टिपली होती. तिथली मंडळी त्या जखमेवरून अजून भांडताहेत. त्यांच्या वादातलं अर्धं वाक्य उचलून तू आईला ऐकवायचं नाहीस.

आपल्याकडे याबाबतीत सरकारी कॉलेज आणि खासगी कॉलेज असा भेदच नाही. बंदुकीच्या परवान्यावर जी अट असते, तीत जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय शिक्षणसंस्थेच्या आवारात हत्यार नेण्यास मनाई आहे. जत्रा आणि धार्मिक मिरवणुकाही त्याच अटीत येतात. म्हणजे उद्या तुमच्या प्राचार्यांकडे रीतसर परवाना असला, तरी त्यांनाही पिस्तूल घरी ठेवूनच कॉलेजात यावं लागेल. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्यानुसार एकवीस वर्षांखालच्या माणसाला बंदूक बाळगताच येत नाही, आणि विनापरवाना गावठी कट्टा सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची कैद आहे.

‘पण माझा तर चाकू आहे, नऊ इंचांपेक्षा छोटा,’ असं तू म्हणशील. नऊ इंचांचं माप तुमच्या कट्ट्यावर सगळ्यांना पाठ असतं, हे मला ठाऊक आहे. पण कायदा तेवढ्यावर संपत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. सण, निवडणुका, मोर्चे आले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो. त्या काळात सुरा, लाठीसुद्धा सोबत नेणं गुन्हा ठरतो आणि कलम १३५ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आणि चाकू चालला तर? माप कोण विचारतो? जिवावर बेतणारा वार झाला की भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, खुनाचा प्रयत्न. समोरचा जखमी असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

पण हे सगळं केवळ कायद्याच्या भीतीने सांगत नाही. माझी नोकरी इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली. १९५३ पासून ती लष्करासाठी माल बनवते आहे. तिथे नगानगाची नोंद असते आणि गेटवर झडती होते. ज्यांचं कामच दारूगोळ्याचं, ती माणसंही तो मोजून, कुलपात आणि सगळ्यांना माहीत असेल असाच ठेवतात. तू मात्र वह्यांखाली लपवलास. लपवलेल्या चाकूचा धाक कुणाला वाटणार? धाक बसायला तो बाहेर काढावा लागतो, आणि एकदा बाहेर निघाला की चार पोरांसमोर तो परत मिटून खिशात घालायची छाती फार थोड्यांत असते. चाकू नसता तर तू विठ्ठलवाडीला उतरून पुढची गाडी धरली असतीस. चाकू आहे म्हणून तू डब्यात थांबशील. मला भीती आहे ती तुझ्या या थांबण्याची.

२ फेब्रुवारी २०२४ ची रात्र आठव. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळ्या झाडल्या गेल्या. शिवसेनेचे महेश गायकवाड गंभीर जखमी झाले आणि तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. मूळ भांडण जमिनीचं. आजूबाजूला पोलीस, वर कॅमेरा, दोघेही लोकांत वावरणारे प्रौढ पुढारी. तरीही पिस्तूल हाताशी होतं आणि ते चाललं. तू एकोणीस वर्षांचा आहेस, आणि गर्दीच्या लोकलमध्ये राग यायला किती वेळ लागतो हे मी रोज बघत आलो.

मार खाऊन गप्प बस, असं मी मुळीच म्हणत नाही. लोकलमधल्या त्या भांडणात पोरांनी तुला मारलं, हे चूकच. गाडीत त्रास झाला तर रेल्वेचा १३९ आहे, बाहेर ११२ आहे. त्यांतली दोघं तुमच्याच कॉलेजची सीनियर आहेत म्हणे. मग हे सरळ रॅगिंगविरोधी समितीकडे जायला हवं. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइनही आहे. तक्रार केली तर पोरं भित्रा म्हणतील, हे मला माहीत आहे. म्हणू देत. तुझ्या आईने पोळीभाजीचे डबे करून तुझी फी भरली आहे. जामिनासाठी वकील शोधत तिने उल्हासनगरच्या कोर्टात खेटे घालावेत, हे मला सोसणार नाही.

चाकू आजच आईच्या हातात दे, तो पुन्हा घराबाहेर नेऊ नकोस. झालेला प्रकार तारीख, वेळ आणि गाडीसकट एका कागदावर लिहून काढ. सोमवारी साडेदहाला मी तुझ्या कॉलेजच्या गेटवर उभा असेन. आपण दोघं मिळून प्राचार्यांना भेटू.

तुझा,
मामा