खेळ, अनामिकता आणि अपशब्द

आपल्या सीमाभागात जत्रेतील कुस्तीच्या आधी दोन्ही पैलवान हात मिळवितात. पंच जवळ असतो, भोवती ओळखीची माणसे असतात. हरलेल्याला राग येतो, पण तो जिभेवर फारसा येत नाही. असाच एखादा तरुण मोबाइलवर अनोळखी सोबत्यांबरोबर खेळू लागला की वाटेल ते बोलतो. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२०२१ साली आलेल्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या खेळात एका डावात शंभरापर्यंत खेळाडू उतरतात आणि चौघांचा एक गट होऊ शकतो. गटातील तिघे कोण, कुठले, हे पुष्कळदा ठाऊक नसते. अशा खेळांत दिसणारे गैरवर्तन मुख्यतः चार प्रकारचे असते : शिवीगाळ, पराभवाचे खापर एकाच्या माथी फोडणे, मुद्दाम हरणे आणि डाव अर्ध्यावर सोडून जाणे. मुलीचा आवाज ऐकू आला की शेरेबाजी सुरू होते. म्हणून कित्येक मुली माइक बंद ठेवूनच खेळतात. भाषा, जात व प्रांत यांवरूनही टोमणे मारले जातात.

मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये याची कारणमीमांसा केली. नाव झाकलेले असते, समोरचा चेहरा दिसत नाही आणि 'हा तर खेळच आहे' अशी मनाची समजूत असते. त्यामुळे एरवीचा संयम सैल पडतो.

मग शिव्या देणारे सगळे दुष्टच काय? 'लीग ऑफ लेजंड्स' हा पाच विरुद्ध पाच असा खेळ चालविणाऱ्या रायट गेम्स कंपनीने आपल्या खेळाडूंचा अभ्यास केला. सतत गैरवर्तन करणारे सुमारे १ टक्का निघाले आणि एकूण गैरवर्तनात त्यांचा वाटा सुमारे ५ टक्केच होता. उरलेले बहुतेक गैरवर्तन एरवी नीट वागणाऱ्या, पण त्या दिवशी मन बिघडलेल्या खेळाडूंचे होते. म्हणजे मूठभरांना हाकलून रोग जात नाही.

उपायही तेथेच सापडतो. प्रतिपक्षाशी संभाषणाची सोय कंपनीने आपोआप चालू न ठेवता, हवी असल्यास खेळाडूने स्वतः चालू करावी अशी केली. संभाषणाचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, पण त्यातील वाईट बोलणे तिसाहून अधिक टक्क्यांनी घटले. शिक्षा देताना नेमके काय चुकले हे दाखविल्यावर सुधारणाही अधिक आढळली.

कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ असल्याने कन्नड, मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारी मुले एकाच वसतिगृहात नांदतात. रात्री पडद्यावर ज्याच्या भाषेची टर उडविली, त्याच भाषेचा मित्र सकाळी भोजनगृहात शेजारी बसलेला असतो. तेव्हा आपल्यापुरते तीन नियम पाळावेत. रागाच्या भरात माइक बंद करावा. शिवीला शिवीने उत्तर न देता तक्रारीची सोय वापरावी. आणि गटातील एखादा घसरला, तर त्याच्याच मित्राने त्याला तेथल्या तेथे अडवावे. परक्याने टोकले तर भांडण वाढते. मित्राचा शब्द मात्र सहसा ऐकला जातो.