झोपडपट्टी फुटबॉल आणि कॉलेजचे एक सर

आपला फुटबॉल संघ यंदाही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत घरी आला. त्या रात्री मेसमध्ये पोळीची वाट बघत बसलेल्या प्रत्येकाकडे एकच निदान होतं: "आपल्याला चांगला कोच पाहिजे." आता चांगला कोच कोण? ज्याच्या कपाटात ट्रॉफ्या जास्त, तो? या प्रश्नासाठी फार लांब जायला नको. आपल्या विदर्भातच, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात, विजय बारसे नावाचे क्रीडा विषयाचे प्राध्यापक होऊन गेले. 'झुंड' आपण सगळ्यांनी पाहिलाय. मार्च २०२२ मध्ये आलेल्या नागराज मंजुळेंच्या त्या सिनेमात अमिताभ बच्चननी केलेले विजय बोराडे म्हणजे हेच बारसे सर. पण सिनेमा बघून आपण शिट्ट्या मारल्या आणि सबमिशनच्या मागे लागलो. त्यांच्या कामाची रीत समजून घ्यायची राहूनच गेली.

सुरुवात साधी आहे. दोन हजार सालच्या आसपास पावसाळ्यातल्या एका दिवशी सरांनी झोपडपट्टीतली मुलं बघितली. भर पावसात ती एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. सरांनी त्यांना खरा फुटबॉल दिला. एवढ्यावर थांबले असते तर ते दानशूर गृहस्थ ठरले असते आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण सर होते खेळाचे मास्तर. त्यांनी पाहिलं, की खेळत असताना ही पोरं व्यसनापासून आणि भानगडींपासून दूर राहतात. मग त्यांनी फक्त झोपडपट्ट्यांतल्या मुलांसाठी स्पर्धा भरवली. पहिल्याच स्पर्धेला तब्बल १२८ संघ आले! कुणी अनवाणी, कुणी फाटक्या कपड्यांत. नागपुरात एवढी टीम लपून बसलीय हे कुणाच्या गावीही नव्हतं, कारण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळायचं तर आधी महाविद्यालयात असावं लागतं.

नावावरून वाद झाला. 'झोपडपट्टी फुटबॉल' हे नाव काही जणांना खटकलं, पण खेळणारे तिथलेच आहेत म्हणून सरांनी ते बदललं नाही. त्यातूनच २००१ पासून 'स्लम सॉकर'चं काम उभं राहिलं. निवृत्तीच्या वेळी हातात आलेला पैसा सरांनी नागपूरजवळ अकादमीसाठी जागा घेण्यात घातला. (आपल्याकडे त्या पैशात फ्लॅट बुक होतो.) अमेरिकेत असलेला मुलगा अभिजित परत येऊन या कामात पडला. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. पुरस्कारांची यादी इथंच थांबवतो, ती नेटवर मिळते.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो खेळाचा आकार. इथं थोडं गणित करू, अभियांत्रिकीचे विद्यार्थी म्हणवतो ना आपण! आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे ७१४० चौरस मीटर. त्यात खेळाडू २२, माणशी सुमारे ३२४ चौरस मीटर. स्लम सॉकरची मुलं ज्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये जातात (घर नसलेल्या आणि उपेक्षित लोकांची ही स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली), तिथलं कोर्ट २२ बाय १६ मीटर. एका बाजूला गोलकीपर धरून चारच खेळाडू. म्हणजे ३५२ चौरस मीटरमध्ये आठ जण, माणशी ४४. सात-सात मिनिटांचे दोन हाफ. कोपऱ्यात उभं राहून श्वास घ्यायची सोयच नाही. बॉल सारखा पायाशी येतो, चूक लगेच दिसते आणि लगेच सुधारताही येते. शिवाय एवढी जागा कुठल्याही वस्तीत निघते. आपल्या हॉस्टेलमागचं पार्किंगसुद्धा याहून मोठं आहे, मी पावलांनी मोजलंय.

त्या स्पर्धेचा दुसरा नियम तर फारच गमतीचा आहे. खेळाडूला तिथं आयुष्यात एकदाच खेळता येतं. म्हणजे कोचनं जीव लावून टीम बांधायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. विचार केला तर कुठल्याही कॉलेजच्या कोचची हीच गत असते. पोरगं जरा तयार होतं तोवर त्याची डिग्री होते. आपल्यातले काही केटीच्या कृपेनं थोडे जास्त टिकतात, तेवढंच!

याच अडचणीवर जगात दुसऱ्या टोकाचं उत्तर शोधणारा माणूस म्हणजे अ‍ॅन्सन डोरन्स. यांचा जन्म १९५१ मध्ये आपल्या मुंबईत झाला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाचे ते १९७९ पासून २०२४ पर्यंत कोच होते आणि राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेची २१ विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. १९९१ चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेनं जिंकला तेव्हा कोच तेच. सरावातली प्रत्येक शर्यत, प्रत्येक झुंज आकड्यात नोंदवायची आणि क्रमवारी सगळ्यांसमोर लावायची, ही त्यांची पद्धत. आपल्या नोटीस बोर्डावरच्या निकालासारखीच, पण रोजची. मुली दर चार वर्षांनी बदलत, पद्धत तशीच राही. ऑगस्ट २०२४ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच डिसेंबरात त्यांच्याशिवाय संघ पुन्हा विजेता झाला.

दोघांत एक मोठा फरक आहे. डोरन्स यांच्या दारात देशातल्या निवडक मुली येत. बारसे सरांनी ज्यांना कुणी निवडलंच नव्हतं त्यांना बोलावलं. तिथं क्रमवारी लावून भागत नाही. आधी पोरगं उद्या परत येईल का, हाच प्रश्न असतो. अखिलेश पॉलचं उदाहरण घ्या. गुन्हेगारीच्या वाटेवर गेलेला हा नागपूरचा मुलगा. त्यानं स्वतःच आपली कहाणी लोकांसमोर सांगितली आहे. तो मैदानावर आला, टिकला आणि २०१० मध्ये रिओ दि जानेरोच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कप्तान झाला. नियमाप्रमाणे त्याला तिथं पुन्हा खेळता येणार नव्हतं. मग तो दुसऱ्या मुलांना शिकवू लागला. बारसे सरांचा निकाल मोजायचा तर मला वाटतं असा मोजावा, की त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी किती जण पुढं शिकवायला उभे राहिले.

हे सगळं मी का लिहितोय? दिवाळीत घरी, आलापल्लीला गेलो होतो. आमच्या मैदानात गोलपोस्ट म्हणून सागाच्या बल्ल्या ठोकल्यात. एवढे महाग गोलपोस्ट माद्रिदमध्येही नसतील! तिथं आपल्याच कॉलेजचा एक ज्युनियर भेटला, भामरागडकडचा. अनवाणी खेळत होता आणि त्यानं आम्हाला अक्षरशः नाचवलं. डाव्या पायानं बॉल असा ओढायचा, की आपण भलतीकडेच पळतोय हे दोन सेकंदांनी कळायचं. मी विचारलं, "अबे, ट्रायलले काहून नाही आला?"

"नोटीसमदी बूट कम्पल्सरी लिहून होतं ना भाऊ."

ती नोटीस माझ्या हातानं लिहिलेली होती. मागच्या वर्षीची बघून उतरवली, तेव्हा काहीच खटकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मला त्याच्याकडं बघवेना. पहिल्या फेरीत आपण हरलो तेव्हा हा पोरगा बाहेर उभा राहून टाळ्या वाजवत होता, हे त्यानं नंतर सहज बोलता बोलता सांगितलं.

तर, येत्या रविवारपासून संध्याकाळी साडेपाचला हॉस्टेलमागे चार-चारचा खेळ सुरू करतोय. रेक्टर सरांना विचारलंय, ते हो म्हणालेत, फक्त गाड्या आपण हलवायच्या आहेत. मेसमध्ये वाढणारी दोन मुलंही येणार आहेत. बूट नसले तरी चालेल, सगळेच अनवाणी खेळू. फक्त पुढच्या वर्षीच्या सामन्यांसाठी त्या ज्युनियरला आठ नंबरचे बूट लागतील. कुणाकडे जुने पडून असतील तर पहिल्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत आणून द्या.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी